कोयता, कंबरदुखी आणि लिथियम : एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या, ३७ वर्षांच्या एका ऊसतोड कामगार बाईंचं, त्यांच्या बायपोलर आजाराचं (कधी नैराश्य, कधी उन्माद) आणि त्यावरच्या लिथियम या औषधाचं आहे. त्यांच्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी जिल्ह्याच्या गावी मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. या प्रकरणात माझ्या हातून दोन चुका झाल्या, आणि लिहायला बसलो तो त्यांच्यामुळेच.

पार्श्वभूमी

सोळाव्या वर्षी लग्न, तीन लेकरं, दीड एकर कोरडवाहू रान. दिवाळी आटोपली की गाव सोडायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की चैत्राच्या सुमाराला परतायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या वर्षी दोघांवर मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) होती एक लाख तीस हजार, आणि थोरल्या मुलीच्या लग्नाचं कर्ज वेगळं.

अठ्ठाविसाव्या वर्षी गर्भाशय काढलेलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पिशवी काढण्याचं प्रमाण बीडमध्ये किती आहे, हा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, शासनाने चौकशी समिती नेमली. त्यामुळे हे ऐकून आता इथल्या कुठल्याच डॉक्टरला नवल वाटत नाही. ऑपरेशनचा कागद मात्र घरात नव्हता. अंडाशय ठेवले की काढले, कुणालाच माहीत नाही.

रक्तदाब दोन वर्षांपासून. त्यासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी चालू, सोबत ‘मीठ कमी खा’ हा सल्ला. थायरॉइडची गोळी कुणीतरी सुरू केलेली, आठवेल तशी घेतलेली. आई मधुमेही. दात घासायला आणि एरवीही मिसरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. शेवटच्या तपशिलाचं औषधांशी काय नातं, असं वाटेल. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात ओलान्झापिन हे उन्माद आवरणारं औषध लवकर निकामी होतं, डोस वाढवावा लागतो. पण हे धुरामुळे होतं, तंबाखूमुळे नाही. मिसरीवाल्या बाईला ‘तंबाखू आहे’ म्हणून जादा डोस दिला तर ती दिवसभर झोपून राहील.

तिसऱ्या बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी त्यांची झोप उडाली होती. रात्रभर गाणी, भांडी घासून पुन्हा घासायची, दारी येईल त्याला घरातली ज्वारी वाटून टाकायची. महिनाभराने त्या शांत झाल्या आणि पुढचे चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. घरच्यांच्या लेखी ती ‘बाळंतवाऱ्याची बाधा’ होती, देवरुष्याने उतरवली आणि विषय संपला. हे सगळं मला पुढे तिसऱ्या भेटीत, सासूबाईंकडून कळलं.

अडचण कुठून सुरू झाली

डिसेंबरमध्ये, कृष्णाकाठच्या एका फडावर, त्यांचं मन उतरलं. मोळी बांधता बांधता रडू यायचं. जवळच्या गावातल्या डॉक्टरांनी नैराश्य ओळखलं आणि एस्सिटालोप्राम सुरू केलं. समोर दिसणाऱ्या लक्षणांना ते धरूनच होतं. बाळंतपणानंतरची ती गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही, आणि दोन मिनिटांच्या भेटीत ती निघणारही नव्हती.

तीन आठवड्यांत चित्र पालटलं. बाई रात्री दोनला उठून एकट्या फडात शिरायच्या. नवरा आधी खूश होता, कारण तोड वाढली होती. मग त्यांनी मुकादमाला सगळ्या टोळीदेखत शिव्या घातल्या, अंगावरचं मणीमंगळसूत्र एका अनोळखी बाईला देऊन टाकलं, आणि ‘येरमाळ्याची आई माझ्या अंगात आली’ म्हणून टोळीतल्या बायकांना पाया पडायला लावलं. दोन दिवस बायका पडल्याही. तिसऱ्या दिवशी त्या ट्रॅक्टरच्या चालत्या ट्रॉलीवर चढायला गेल्या, तेव्हा नवऱ्याने गाडी करून त्यांना माझ्याकडे आणलं.

बायपोलर आजारात नुसतं नैराश्याचं औषध दिलं, सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध नसलं, तर माणूस उन्मादाकडे उलटू शकतो. इथे तेवढं एकच कारण असेल असं मला वाटत नाही. फडावर रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागतं. झोप मोडणं हा उन्मादाला ढकलणारा जुना आणि खात्रीचा धक्का आहे. गोळी आणि जागरण एकाच महिन्यात आलं.

पहिले तीन आठवडे

दाखल करून घेतलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८९ खाली, नवरा नामनिर्देशित प्रतिनिधी. एस्सिटालोप्राम त्याच दिवशी बंद. ओलान्झापिन १५ मिलिग्रॅमपर्यंत, पहिले काही दिवस झोपेसाठी लोराझेपाम. पाचव्या रात्री त्या सहा तास झोपल्या.

तपासण्यांत थायरॉइड मंद असल्याचं दाखवणारा टीएसएच ११.४, हिमोग्लोबिन ९.२, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी ६.२, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.८. वजन ५४ किलो. सोनोग्राफी मुद्दाम केली. ‘पिशवी काढली’ म्हणजे इथे कधी गर्भाशय काढलेलं असतं, कधी नसबंदी झालेली असते, आणि पुढच्या औषधाची निवड या फरकावर अवलंबून होती. गर्भाशय खरोखरच नव्हतं.

मुकादम दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याला बाहेर थांबवलं. दुसऱ्यांदा आत बोलावून चहा दिला, कारण हा माणूस पुढच्या हंगामातही या घराच्या आयुष्यात असणार होता.

समोर असलेले पर्याय

उन्माद ओसरल्यावर वर्षानुवर्षं चालवायचं औषध कोणतं, हा खरा प्रश्न. माझ्या टिपणवहीत त्या दिवशी जे होतं ते जवळजवळ तसंच देतो.

लिथियम. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर वापरून पाहिलं तेव्हापासूनचं औषध, स्वस्त, आत्महत्या रोखण्याच्या बाबतीत त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचा नाही. पण ते शरीराबाहेर पडतं ते मूत्रपिंडातून, आणि मूत्रपिंड त्याला मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, त्यासोबत लिथियमही धरून ठेवतं. थायझाइड, टेल्मिसार्टन आणि बहुतेक वेदनाशामक गोळ्या पातळी वाढवतात. थायरॉइड आधीच मंद. वहीत मी पुढे लिहिलं होतं : ‘थायझाइड + सार्टन + थायरॉइड. नको.’

व्हॅल्प्रोएट. मूल होण्याच्या वयातल्या बाईला हे देताना हात आखडतो आणि आखडायलाच हवा. गरोदरपणात घेतलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मतः मोठं व्यंग असतं, आणि पुढे बौद्धिक वाढीवर परिणाम होतो तो वेगळाच. इथे तो अडसर नव्हता. ज्या ऑपरेशनने या बाईचं शरीर तिशीच्या आत थकवलं, त्याने माझं काम सोपं केलं, हे लिहिताना बरं वाटत नाही. रक्तातल्या पातळीचा लिथियमइतका धाक नाही. वजन वाढतं, केस जातात, यकृत आणि प्लेटलेट बघाव्या लागतात.

कार्बामाझेपिन. रक्तातलं सोडियम उतरवतं, आणि थायझाइडही तेच करतं. शिवाय थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, लवकर संपवतं. लगेच खोडलं.

लॅमोट्रिजिन. वजन नाही, साखर नाही, नैराश्याला चांगलं. उन्मादाला फारसं नाही. पूर्ण डोसला पोचायला सहा आठवडे लागतात, आणि पाचेक दिवस गोळी चुकली तर पुरळाच्या धोक्यामुळे पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. फडावर पाच दिवस चुकणं ही अपवादाची गोष्ट नसते.

ओलान्झापिन एकटंच चालू ठेवणं. झोप देतं, उन्माद आवरतं. घरात मधुमेह, साखर सीमेवर.

क्वेटियापिन. दोन्ही टोकांवर चालतं. पण वजन, साखर, आणि पहाटे उठल्यावर रक्तदाब घसरून चक्कर. कोयता हातात असताना चक्कर.

ॲरिपिप्राझोल आणि लुरासिडोन. साखरेच्या दृष्टीने सौम्य. पहिल्याने कित्येकांना पाय एका जागी ठेववत नाहीत आणि नैराश्यात ते फारसं पुरत नाही. दुसरं किमान साडेतीनशे कॅलरीच्या जेवणासोबत घेतलं तरच नीट शोषलं जातं, आणि महाग.

मी व्हॅल्प्रोएट निवडलं, ओलान्झापिन हळूहळू कमी करत न्यायचं ठरवलं.

पहिली निवड आणि तिचं काय झालं

कागदावर ही निवड आजही मला चुकीची वाटत नाही. मार्चमध्ये त्या घरी गेल्या तेव्हा शांत होत्या. मे महिन्यात वजन ६२ किलो, एचबीए१सी ६.९. साखरेसाठी मेटफॉर्मिन जोडलं. ओलान्झापिन कमी करायला मी उशीर केला, कारण बाई बऱ्या होत्या आणि बऱ्या माणसाचं औषध हलवायला धीर होत नाही. केस मुठीने जात होते. सकाळी नऊपर्यंत डोळा उघडायचा नाही, सासू बोलायची. टीएसएच उतरतच नव्हता. शोधल्यावर कळलं की थायरॉइडची गोळी आणि रक्तवाढीची गोळी त्या एकाच घोटात, चहासोबत घेत होत्या. लोह थायरॉक्सिनला आतड्यात बांधून टाकतं. रक्तवाढीची गोळी रात्रीवर टाकली आणि दीड महिन्यात टीएसएच ४ वर आला. नवं काही न लिहिता झालेला हा या प्रकरणातला एकमेव स्वस्त विजय.

जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत त्यांनी मनाच्या सगळ्या गोळ्या बंद केल्या. मला सांगितलं नाही.

पोळ्याच्या आधी नवरा एकटाच आला. ‘लेकराची माय बोलंना. काल हिरीकडं गेल्ती, पानी आनायला नव्हं.’ त्याच दिवशी त्यांना आणायला लावलं. मनाचा उतार खोल होता, मरणाचे विचार होते. त्यांच्या मामाने विहीर जवळ केली होती, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. घरातलं फवारणीचं औषध चुलत्याच्या घरी कुलुपात ठेवायला लावलं, आठ दिवस बाईंना एकटं सोडायचं नाही असं ठरवलं, आणि औषधाचा प्रश्न पुन्हा उघडला.

दुसरा निर्णय : जे खोडलं होतं तेच

या वेळी तराजू वेगळा होता. जानेवारीत मला उन्माद आवरायचा होता. ऑगस्टमध्ये ही बाई जिवंत राहायला हवी होती, आणि त्यासाठी लिथियमची बाजू सगळ्यात जड होती. मग मी जानेवारीतलं टिपण काढून पाहिलं आणि लाज वाटली. ‘थायझाइड + सार्टन, नको’ असं लिहून मी लिथियम खोडलं होतं. रक्तदाबाची गोळी बदलता येते हे मनातही आलं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरने लिहिलेली गोळी आपण दगडावरची रेघ समजतो. ही पहिली चूक.

गावातल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पाच मिनिटांत मान्य केलं आणि ॲम्लोडिपिनवर बदलून दिलं. रक्तदाब १३४/८६ राहिला. मिठाचा सल्लाही बदलावा लागला : कमी नको, जास्त नको, रोज सारखं. बाईंना हे पटायला वेळ लागला. ‘एक डाक्टर म्हंतो सोडा, एक म्हंतो खावा,’ असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांची बाजू बरोबर होती.

आता एक कोडं. आत्महत्येच्या विचारांसाठी द्यायचं औषध स्वतःच जादा घेतलं तर जिवावर बेतणारं. त्यामुळे सुरुवातीला फक्त सात दिवसांच्या गोळ्या, त्याही नवऱ्याच्या हातात. दर सोमवारी तो रिकामी पट्टी दाखवायचा आणि नवी न्यायचा. सहा सोमवार तो बाजाराचा खाडा करून आला.

लिथियम रात्री एकदाच, ३०० पासून. असर यायला आठवडे लागतात, म्हणून तोवर क्वेटियापिन, २०० मिलिग्रॅमच्या वर न नेता, आणि हंगामाआधी उतरवून बंद. पातळीसाठी रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचं. ६०० वर पातळी ०.४९ आली, ७५० वर ०.६८, म्हणजे हवी तेवढी. अधल्या-मधल्या एका रिपोर्टात २.३ असा, विषबाधेइतका, आकडा आला आणि माझ्या पोटात गोळा आला. बाई समोर बसून हसत होत्या, हात स्थिर, चाल नीट. चौकशी केली तर रक्त घ्यायला हिरव्या टोपणाची बाटली वापरली होती. तिच्यात लिथियम हेपॅरिन असतं. बाटलीतलंच लिथियम मोजलं गेलं होतं. पुन्हा साध्या बाटलीत घेतलं, ०.६६.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपण होऊन सांगितलं की सकाळी चुलीपुढे बसावंसं वाटतंय. घरात हसू ऐकू आलं असं मुलाने सांगितलं.

हंगामाचा प्रश्न

आणि मग नवऱ्याने विचारलं, ‘सायब, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी हाय. गोळ्या किती म्हैन्याच्या न्याव्या?’

मी म्हणालो, या वर्षी ताईंना नेऊ नका. तो गप्प बसला. उचल घेऊन खर्च झाली होती. नव्वद किलोमीटरवरून दर सोमवारी येणारा हा नवरा होता. बेफिकीर म्हणावा असा नव्हता.

तीन वाटा होत्या. लिथियम बंद करून व्हॅल्प्रोएटवर परत जायचं : तपासणीचा धाक कमी, पण नुकतंच सावरलेलं मन हलवायचं. दुसरी, बाईंनी जाऊच नये. हे वैद्यकीयदृष्ट्या सरळ आणि त्यांच्या घरात अशक्य. तिसरी, लिथियम चालू ठेवून हंगाम पार पाडायची तयारी करायची. आम्ही तिसरी घेतली.

एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड केलं. औषधाचं नाव, डोस, शेवटची पातळी, माझा नंबर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. खाली मोठ्या अक्षरात : जुलाब-उलटी झाली किंवा ताप आला तर गोळी थांबवा, पाणी आणि ओआरएस प्या, फोन करा. हात जास्त थरथरले, चाल झोकांडली, जीभ जड झाली तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना. दुखण्याची गोळी फक्त पॅरासिटामॉल. कार्ड त्यांच्या चंचीत (मिसरी-सुपारीच्या पिशवीत) राहील असं ठरलं, कारण चंची ही एकच गोष्ट त्या कधीच विसरत नाहीत.

रात्रीची गाडी भरायला बाईंना उठवायचं नाही, हे मुकादमाने मान्य केलं. त्या चहाचा उपयोग झाला असावा. बदल्यात नवरा दोघांचं भरणार होता. डिसेंबरच्या शेवटी कारखान्याच्या गावात रक्त दिलं, ०.७१.

फेब्रुवारी

कंबर. पहिल्या भेटीपासून मी प्रत्येक वेळी विचारत आलो होतो, ‘आणखी कुठलं औषध चालू आहे?’ आणि उत्तर प्रत्येक वेळी ‘न्हाई’ असं येत होतं. ते खोटं नव्हतं. औषध म्हणजे डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेलं. फडाजवळच्या मेडिकलमधून दहा-दहा रुपयांना मिळणारी कमरेची गोळी ही त्यांच्या लेखी चहा-पत्तीसारखी रोजची वस्तू होती. डायक्लोफेनॅक, लिथियमची पातळी वाढवणाऱ्या वेदनाशामकांपैकी एक. कार्डावर ‘फक्त पॅरासिटामॉल’ होतं खरं, पण ते होतं दुखण्याच्या ‘औषधा’साठी. त्यात कंबर येते हे मी कधी म्हटलंच नाही. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

घरी असताना ती गोळी क्वचित लागायची, म्हणून पातळी नीट राहिली. जानेवारीअखेर तोड वाढली, ऊन वाढलं, गोळी दिवसाला दोन झाली. तशात पाटाच्या पाण्याने टोळीत जुलाबाची साथ आली. दोन दिवस जुलाब, अंगातलं पाणी गेलेलं, वर डायक्लोफेनॅक, आणि रात्रीचं लिथियम न चुकता. गोळी चुकवायची नाही हे आम्हीच त्यांच्या मनावर ठसवलं होतं.

तिसऱ्या दिवशी हातातून भाकरी सुटली. चालताना झोकांड्या जायला लागल्या, बोलणं बोबडं झालं. टोळीत कुणी म्हणालं वारं गेलं, कुणी म्हणालं पुन्हा देवी. तेरा वर्षांचा मुलगा शनिवार-रविवारी आईबापाकडे आला होता. त्याने चंचीतलं कार्ड काढून मोठ्याने वाचलं आणि बापाला म्हणाला, ‘हे बघ, झोकांडी लिवलंय.’

जवळच्या सरकारी रुग्णालयात पातळी १.८, म्हणजे लिथियमची विषबाधा, क्रिएटिनिन १.६. लिथियम बंद, सलाइन, दर काही तासांनी तपासणी. तिथल्या फिजिशियनचा रात्री फोन आला. त्यांनी कार्डाचा फोटो पाठवला, मी जुन्या रिपोर्टांचा. दर सहा तासांनी आकडा उतरत होता, शुद्ध चांगली होती, त्यामुळे डायलिसिसची वेळ आली नाही. चौथ्या दिवशी पातळी ०.४, आठवड्याने क्रिएटिनिन ०.९. चाल पूर्ववत झाली.

पुन्हा द्यायचं का

सोपं उत्तर होतं : लिथियम कायमचं बंद, कागदावर लाल शेरा. बऱ्याच जणांनी तेच केलं असतं आणि मी त्यांना दोष देणार नाही. मला ते पटत नव्हतं. विषबाधेची कारणं डोळ्यांसमोर होती आणि दोन्ही टाळण्यासारखी होती. दुसऱ्या बाजूला, या औषधावर असताना त्या ना उन्मादात गेल्या ना विहिरीकडे.

पण अट एकच होती, आणि ती औषधाची नव्हती. पुढचा हंगाम त्या फडावर गेल्या तर मी लिथियम देणार नव्हतो. त्या गेल्याच तर व्हॅल्प्रोएट, कमी डोसमध्ये, ओलान्झापिनशिवाय. दोन्ही वाटा मी दोघांपुढे मांडल्या. व्हॅल्प्रोएट घेऊन फडावर गेलं तर काय होऊ शकतं, लिथियम घेऊन घरी राहिलं तर काय. बाई म्हणाल्या, ‘ती झोपेची गोळी नगं. ही बरी व्हती. म्या घरी ऱ्हाते.’ नवरा बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, ‘मी अर्धा कोयता जातो.’

अर्धा कोयता म्हणजे एकट्याने जाणं, दुसऱ्या कुणासोबत जोडी लावून. उचल अर्धी. मी लिहून दिलेल्या महिन्याच्या शंभर-दीडशे रुपयांच्या गोळीची खरी किंमत ही होती, आणि ती कुठल्याच तक्त्यात लिहिलेली नसते. मार्चअखेर लिथियम ३०० वर पुन्हा सुरू केलं, ६०० वर थांबलो. पातळी ०.५५ च्या आसपास. कमी आहे, मान्य. मी ती मुद्दाम तशी ठेवली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच भेटीत वर्षाचा हिशोब विचारायला हवा होता : कुठल्या महिन्यात कुठे, कुठलं काम, झोप किती, पाणी कुठलं. आता मी नव्या रुग्णाच्या कागदावर आजारांच्या यादीआधी हे लिहितो. तुळजापूरला पायी जाणारे, नवरात्रात नऊ दिवस कडक उपास करणारे, एप्रिलमध्ये वीटभट्टीवर जाणारे, या सगळ्यांना लिथियम देताना तारखा आधी कळल्या की डोस, पाणी आणि रक्ततपासणी त्यांच्याभोवती बसवता येते.

‘औषध कोणतं चालू आहे’ हा प्रश्न मी सोडून दिला. ‘चंची, पिशवी, खिसा इथे टेबलावर उलटा करा,’ असं सांगतो. सुरुवातीला लोक लाजतात. काय काय निघतं ते पाहून मीच जास्त लाजतो.

ओलान्झापिन एप्रिलमध्येच उतरवायला हवं होतं. कदाचित मग जूनमध्ये त्यांनी सगळंच सोडलं नसतं; कदाचित सोडलंही असतं. आणि मेडिकलवाल्याशी बोलायचं राहिलं. फडाजवळचा तो माणूस या बाईला माझ्यापेक्षा जास्त वेळा भेटत होता.

कंबरेवर इलाज कुणीच केला नव्हता, मीही नाही. मानसोपचारवाला कंबरेकडे बघत नाही. घरी राहिल्यापासून फिजिओथेरपीचे चार व्यायाम त्या करतात, नेमाने नाही.

सध्या

दोन हंगाम त्या गावीच राहिल्या. चार शेळ्या होत्या, आता सात आहेत. त्यातून निम्मी उणीवही भरत नाही. मधल्या चैत्रात आठवडाभर झोप कमी झाली, बोलणं वाढलं. नवरा परतलेला होता, त्याने दुसऱ्याच दिवशी फोन केला, दहा दिवस थोडं क्वेटियापिन दिलं आणि ते तेवढ्यावरच निभावलं. टीएसएच पुन्हा चढला, थायरॉक्सिनचा डोस दोनदा वाढवावा लागला. लिथियममुळे हे होणार हे ठाऊक होतं. एचबीए१सी ६.३. क्रिएटिनिन दर सहा महिन्यांनी बघतो, अजून ०.९.

मागच्या महिन्यात आल्या तेव्हा मी काही विचारायच्या आत त्यांनी चंची टेबलावर उलटी केली. मिसरीची डबी, अडकित्ता, घडी पडून मऊ झालेलं कार्ड, आणि शेजारणीने गुडघ्यासाठी दिलेली चार गोळ्यांची पट्टी. ‘खाल्ली न्हाई सायब. इचारायला आनली.’

पट्टीवर एसेक्लोफेनॅक लिहिलं होतं.